पंचेचाळीस मिनिटं

ब्रिटनमध्ये उतरलेल्या प्रवाशाला पासपोर्ट तपासणीच्या रांगेत जास्तीत जास्त किती वेळ थांबावं लागावं, याचं सरकारनं ठरवलेलं एक माप आहे. ब्रिटिश आणि युरोपीय पासपोर्टवाल्या शंभरांतल्या पंच्याण्णव जणांना २५ मिनिटांच्या आत मोकळं करायचं आणि बाकीच्या जगातून आलेल्या शंभरांतल्या पंच्याण्णव जणांना ४५ मिनिटांच्या आत. मी आता पहिल्या मापात मोडते, माझी आई दुसऱ्या. मुंबईहून आम्ही एकाच विमानात शेजारी बसून आलो, तरी हीथ्रोच्या त्या मोठ्या हॉलच्या तोंडाशी आमच्या वाटा वेगळ्या होतात. मी अर्थातच तिच्या रांगेत जाते. तिथं उभं राहून जे दिसतं आणि त्याबद्दल पुढे जे वाचत गेले, ते लिहावंसं वाटतंय.

त्या रांगेत कोण असतं? मुलीच्या बाळंतपणाला आलेल्या आया असतात, सुनेची सुट्टी संपली म्हणून नातवाला सांभाळायला निघालेले आजोबा असतात. लागोसहून, लाहोरहून, मनिलाहून आलेली माणसं असतात. सप्टेंबर असेल तर पाठीवर सॅक आणि हातात विद्यापीठाचे कागद घेतलेली विशीतली मुलं असतात. २०२२ मध्ये ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा मिळवण्यात भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकलं, तेव्हापासून तर त्या महिन्यात कानावर मराठी पडलं नाही असं सहसा होत नाही. रात्रभराचा प्रवास झालेला असतो. पाय सुजलेले असतात. विमानातला नाश्ता अनेकांनी अंडं असेल या भीतीनं सोडून दिलेला असतो.

ही रांग लांबते तेव्हा किती लांबते, याची नोंद आहे. २०१८ च्या जुलै महिन्यातले हीथ्रोचे आकडे व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीनं जाहीर केले होते. त्या महिन्याच्या ३१ दिवसांपैकी ३० दिवस ४५ मिनिटांचं माप पाळलं गेलं नव्हतं. ६ जुलैला युरोपबाहेरच्या प्रवाशांना जास्तीत जास्त २ तास ३६ मिनिटं थांबावं लागलं. मुंबई-लंडन प्रवासाचा चौथा हिस्सा उभ्यानं, तोही उतरल्यावर.

हे का होतं, हे समजून घ्यायला मोठं गणित लागत नाही. समजा, डेस्कवर एका माणसाला सरासरी दोन मिनिटं लागतात. वीस डेस्क उघडी असतील तर मिनिटाला दहा माणसं बाहेर पडतात. विमानांतून मिनिटाला दहा माणसं येत असतील, तर रांग वाढत नाही. आता त्या वीसपैकी सहा डेस्क बंद ठेवा. मिनिटाला सातच माणसं बाहेर पडतील. तासाभरानं १८० माणसं तुंबलेली असतील आणि नव्यानं येऊन उभ्या राहिलेल्याला २५ मिनिटं लागतील. तीन तासांनी ५४० माणसं असतील आणि शेवटच्याला सव्वा तास लागेल. पहिल्या विमानातला माणूस घरी जाऊन सांगतो, काही त्रास झाला नाही. तिसऱ्या तासातला माणूस सांगतो, हाल झाले. दोघंही खरं सांगत असतात. कमी पडलेली माणसं मात्र सहाच होती, आणि तीही पहिल्या मिनिटापासूनच कमी होती.

म्हणून मला ‘आज गर्दी फार आहे’ हे स्पष्टीकरण पुरेसं वाटत नाही. हीथ्रोवर २०२४ मध्ये ८ कोटी ३९ लाख प्रवाशांची ये-जा झाली. इतक्या मोठ्या विमानतळावरची गर्दी अचानक येत नाही. रात्रीच्या विमानांवर तिथे मर्यादा आहेत, त्यामुळे आशियातून आणि अमेरिकेतून रात्रभर उडत आलेली विमानं पहाटे पाचच्या आसपासपासून एकामागोमाग एक उतरू लागतात आणि सहानंतर तर रीघ लागते. हे रोजचं आहे. शाळांच्या सुट्ट्या कधी, विद्यापीठं कधी सुरू होतात, हेही ठाऊक असतं. आणि आमच्या माणसांबद्दल तर सरकारला सगळ्यांत आधी कळलेलं असतं. सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क २०२५ च्या एप्रिलमध्ये १२७ पौंड झालं. ते भरून, मुंबईत नाहीतर पुण्यात दहाही बोटांचे ठसे देऊन, बँकेचे कागद दाखवून ही माणसं निघालेली असतात. विमान मुंबईहून सुटण्यापूर्वीच विमान कंपनीनं प्रवाशांची यादी ब्रिटनच्या सीमायंत्रणेकडे पाठवलेली असते. म्हणजे आई अरबी समुद्रावर असतानाच, ती कोणत्या रांगेत उभी राहणार हे लंडनला माहीत असतं.

यंत्रांनी बरंच काम हलकं केलं, हे मी मान्य करते. ई-गेट आली, पासपोर्ट काचेवर ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलं की दार उघडतं. २०१९ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, न्यूझीलंड, सिंगापूर, दक्षिण कोरिया आणि अमेरिका या सात देशांच्या नागरिकांनाही ती खुली झाली. विमानात भरायचं ते लँडिंग कार्डही तेव्हाच गेलं. अमेरिकी प्रवाशांचा लोंढा यंत्रांकडे वळल्यानं डेस्कच्या रांगेला थोडा श्वास मिळाला. पुढे २०२३ च्या जुलैत दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही मोठ्यांसोबत ई-गेटमधून जाऊ देऊ लागले. पण भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन पाहुणा म्हणून आलेल्याला डेस्कवर माणसासमोरच उभं राहावं लागतं.

शिवाय यंत्र बंद पडलं की काय होतं, हे २०२४ च्या ७ मेच्या संध्याकाळी दिसलं. देशभरातली ई-गेट एकदम थांबली आणि मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाली. त्याआधीच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, शाळेच्या सुट्टीच्या तोंडावर, असंच घडलं होतं. अशा वेळी सगळा भार डेस्कवरच्या माणसांवर येतो, आणि यंत्रांच्या भरवशावर माणसं कमी ठेवली असतील तर तो भार पेलायला कोणी नसतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. २०११ मध्ये हीथ्रोवरच्या रांगा फार वाढल्या की काही तपासण्या तात्पुरत्या बाजूला ठेवल्या जात. सीमादलाचे तेव्हाचे प्रमुख ब्रॉडी क्लार्क यांना त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निलंबित करण्यात आलं. मंत्र्यांनी परवानगी दिली होती त्यापलीकडे जाऊन त्यांनी तपासण्या सैल केल्या, असं गृहमंत्री टेरेसा मे यांचं म्हणणं होतं. क्लार्क यांनी ते नाकारलं आणि राजीनामा दिला. पुढे २०१२ च्या फेब्रुवारीत मुख्य निरीक्षक जॉन व्हाइन यांचा अहवाल आला. बोटांचे ठसे व्हिसाच्या नोंदीशी जुळवण्याची तपासणी हीथ्रोवर दीड वर्षात ४६३ वेळा थांबवली गेली होती, असं त्यातून समोर आलं. ही तपासणी ज्यांना व्हिसा लागतो त्यांची. म्हणजे आमच्याच रांगेतली.

मला यात कोणाची बाजू घ्यायची नाही. मला दिसतो तो पेच. वरून सांगितलं जातं, प्रत्येकाची पूर्ण तपासणी करा. वरूनच सांगितलं जातं, ४५ मिनिटांत मोकळं करा. आणि खर्चकपातीच्या त्याच वर्षांत माणसं कमी केली जातात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमणं शक्य नाही. क्लार्क गेले, तपासणी पूर्ववत झाली आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये, ऑलिंपिक अवघ्या तीन महिन्यांवर असताना, हीथ्रोवरच्या रांगा दोन तासांच्या पुढे गेल्या. विमानतळाच्या चालकांनी प्रवाशांची माफी मागणारी, तक्रार कुठे करायची हे सांगणारी पत्रकं वाटायला सुरुवात केली, तर ती वाटू नका असं त्यांना सांगण्यात आलं.

आणि मग ऑलिंपिक आलं. जादा माणसं आणली गेली, गर्दीच्या वेळी सगळी डेस्क चालू ठेवायचं ठरलं, आणि जगभरातून लोक आले तरी ज्या गोंधळाची भीती होती तो झाला नाही. माझ्या मनात हा प्रसंग घर करून आहे. तोच हॉल, तेवढीच जागा, तेच पासपोर्ट. ठरवलं तेव्हा जमलं. ज्यांच्यासाठी जमलं ते खेळाडू होते, पत्रकार होते, जगाच्या डोळ्यांत भरणारे पाहुणे होते. एखाद्या मंगळवारी कराडहून आलेल्या बाईसाठीही ते जमायला हवं.

आई पहिल्यांदा यायची होती तेव्हा आम्ही व्हिडिओ कॉलवर तिची उजळणी घेतली होती. तुम्ही कोणाकडे आलात? किती दिवस राहणार? परत कधी जाणार? तिथे काम करणार का? ‘काम करणार का’ला ती दरवेळी ‘हो, घरातलं सगळं करते मी’ असं सांगायची आणि आम्ही घाबरून तिला थांबवायचो. पारदर्शक फोल्डरमध्ये माझं निमंत्रणपत्र, घराचा पत्ता, माझा फोन नंबर, परतीचं तिकीट, औषधांची चिठ्ठी. भारतातून आईवडिलांना बोलावणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात हा फोल्डर तयार होतो. रांगेचं मी तिला सांगायला लागले तर म्हणाली, ‘अगं, पंढरपूरला दर्शनबारीत अख्खी रात्र उभी राहिलेय मी. रांगेचं काय सांगतेस मला?’

खरंच आहे तिचं. पण दर्शनबारीत पुढे विठ्ठल असतो आणि तो कागद मागत नाही. मागची अनोळखी बाई तिथं पिशवी धरते, कोणीतरी अभंग सुरू करतं, पहाटे चहा येतो. इथं पुढे एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर चुकलं तर काय होईल, ही धाकधूक असते. त्यामुळे कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. जो तो फोल्डर छातीशी धरून उभा असतो. थांबण्याचा शीण वेगळा आणि घाबरून थांबण्याचा वेगळा. दोन तासांच्या रांगेनंतर डेस्कवर पोचलेली साठीपुढची बाई आधीच अर्धी मोडलेली असते, आणि त्याच वेळी तिला परक्या भाषेत नीट उत्तरं द्यायची असतात. ती अडखळली की समोरच्याला शंका येते. मग आणखी प्रश्न, आणि मागच्यांना आणखी उशीर.

म्हणूनच आपली बरीच माणसं व्हीलचेअर मागतात. यावर कुत्सित बोललेलं मी खूप ऐकलं आहे, मराठी घरांतूनही. चालता येतं आणि खुर्ची कशाला? मला तसं बोलवत नाही. तासन्‌तास उभं राहायची भीती, लांबच लांब वाट, न कळणाऱ्या पाट्या, आणि सोबत कोणी नाही. खुर्ची मागितली की बरोबर एक माणूस येतो, हेच त्यातलं खरं मोल आहे. पण ज्यांना खुर्चीशिवाय पाऊलही टाकता येत नाही त्यांची आबाळ होते, हेही तितकंच खरं आहे. तो सल आहेच. रांग अर्ध्या तासाची असती आणि अधूनमधून बसायला बाकं असती, तर यातल्या कितीतरी जणांनी खुर्ची मागितली नसती, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या रस्त्यावर एक पंजाबी बाई राहतात. सीमेवरच्या डेस्कवर बरीच वर्षं काम करून त्या निवृत्त झाल्या. आम्ही त्यांना आंटीजीच म्हणतो. त्यांच्याशी बोलल्यावर डेस्कपलीकडचं काम मला उमगलं. त्या सांगतात, थकलेला चेहरा आणि धास्तावलेला चेहरा यांत फरक असतो, आणि धास्तावलेल्यांतही दोन जाती असतात. एक माझ्या आईसारखी, सरकारी माणसाला घाबरणारी. दुसरी, मागे उभ्या असलेल्या ‘मामा’ला घाबरणारी. लहान मूल सोबत असेल तर त्या मुद्दाम मुलाशीच बोलायच्या. हे कोण तुझे? घरी कोण कोण आहे? पळवून आणलेलं, फसवून आणलेलं माणूस ओळखायची ती शेवटची जागा. त्याला कधी दोन मिनिटं लागतात, कधी वीस. घाईत ते काम होत नाही, आणि रांग वाढली की घाई होतेच.

त्यांच्याकडून कळलेलं आणखी एक म्हणजे ही नजर वर्गात बसून येत नाही. नवा माणूस जुन्याच्या शेजारी बसून शिकतो. म्हणून अनुभवी माणूस नोकरी सोडून गेला की नुसतं एक डेस्क रिकामं होत नाही, शिकवणाराही जातो. २०२४ च्या वसंतात हीथ्रोवरच्या सहाशेहून अधिक अधिकाऱ्यांनी २९ एप्रिलपासून चार दिवसांचा संप केला, तो पगारासाठी नव्हता, ड्यूटीच्या नव्या वेळापत्रकावरून होता. लहान मुलं असलेल्यांना, घरात आजारी माणूस असलेल्यांना, त्या नव्या पाळ्या झेपणाऱ्या नाहीत आणि माणसं या कामातून बाहेर फेकली जातील, असं त्यांच्या पीसीएस या संघटनेचं म्हणणं होतं. संपाची बातमी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तक्रारी सुरू होतात. साहजिक आहे. पण आईच्या रांगेची लांबी ठरते ती याच वेळापत्रकात. पाळी माणसाला जगू देणारी असली पाहिजे, तरच माणूस टिकेल.

२०२२ च्या नाताळातही सीमेवरचे अधिकारी संपावर गेले होते. तेव्हा लष्कराचे जवान आणि इतर खात्यांतले कर्मचारी थोडक्या प्रशिक्षणावर डेस्कवर बसवले गेले. रांगा सुरळीत चालल्या. काहींनी त्यातून असं काढलं की अनुभवी अधिकाऱ्यांची फारशी गरजच नाही. मला ते पटत नाही. पासपोर्ट बघणं जमलं असेल. मुलाशी बोलून ‘मामा’ ओळखणं जमलं का, हे रांगेच्या लांबीवरून कळत नाही. त्या आठवड्यातून मला दिसतं ते एवढंच, की डेस्कवर माणूस बसवायचा हे आधीपासून ठरवलं तर रांग हलते.

करोनाच्या वर्षाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते आठवणं अजून जड जातं. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रत्येकाचे चाचणीचे आणि विलगीकरणाचे कागद तपासायचे होते आणि हीथ्रोवरच्या रांगा सहा तासांपर्यंत गेल्याचं खासदारांच्या समितीपुढे सांगितलं गेलं. २३ एप्रिलला पहाटे चार वाजता भारत लाल यादीत, म्हणजे ज्यांतून येणाऱ्यांना सक्तीनं वेगळं ठेवायचं त्या देशांच्या यादीत, गेला. साथ भडकलेल्या देशातून आले म्हणून ज्यांना वेगळं ठेवायचं, ते आणि इतर सगळे, जून उजाडून लाल यादीवाल्यांसाठी वेगळं टर्मिनल उघडेपर्यंत एकाच हॉलमध्ये येत होते. आईवडिलांच्या अंत्यविधीला गेलेली आणि परत येणारी माणसं त्या रांगांत होती.

मुंबईला उतरल्यावर चित्र उलटं होतं. तिथे आई भारतीय पासपोर्टच्या रांगेत ताठ मानेनं चालते आणि मी माझं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, शोधत बसते. २०२५ च्या जानेवारीपासून मुंबईतही आधी नोंदणी केलेल्या भारतीयांसाठी आणि ओसीआयधारकांसाठी ई-गेट सुरू झाली. आईनं अजून नोंदणी केलेली नाही. तिला डेस्कवरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे असतात, आणि तिथं ती कोणत्याही उजळणीशिवाय बोलते.

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना एक गोष्ट माहीत नसते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, इथे कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, हातात भारतीय पासपोर्ट असतानाही, ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. रांगेत उभ्या असलेल्या आईला इथं मत नाही. तिला न्यायला बाहेर थांबलेल्या मुलाला आहे. नाव नोंदवलेलं नसेल तर नोंदवा. खासदाराला पत्र लिहायला तर मतदार यादीत नाव असण्याचीही गरज नाही, त्या मतदारसंघात राहणं पुरतं.

मी माझ्या खासदारांना लिहिलं आहे. देशभराची तिमाहीची सरासरी मला नको. सरासरीत मंगळवारची रिकामी दुपार आणि शनिवारची पहाट एकत्र मिसळून जातात. मला हवंय ते असं: प्रत्येक टर्मिनलवर, सकाळी पाच ते दहाच्या दरम्यान, दर तासाला किती डेस्क आहेत, त्यातली किती उघडी होती, आणि व्हिसावाल्यांच्या रांगेत शेवटच्या माणसाला किती वेळ लागला. रांगेच्या कडेला बाकं का नाहीत, पिण्याचं पाणी किती अंतरावर आहे, हेही विचारलं आहे. आणि येत्या सप्टेंबरसाठी, जेव्हा विद्यार्थी येतील, आजवर किती नवे अधिकारी डेस्कवर बसण्याइतके तयार झाले आहेत, हा शेवटचा प्रश्न आंटीजींनी सुचवला, तो त्यांच्याच शब्दांत पत्रात घातला आहे.